कोपरा नंबर एक

गिंडी, चेन्नई
१२ ऑगस्ट २०२४

चि. तनया,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. फोन तू घेत नाहीस, आणि व्हॉट्सॲपवर मला बंद करून ठेवलं आहेस असं तुझा भाऊ कुशल सांगतो. पोस्टमनला बंद करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र.

कामापुरतं लिहितो. कॅरॅव्हॅन पुन्हा उभी करायला घेतली आहे. नऊ वर्षं ती इथे सुब्बाच्या वर्कशॉपमागे ताडपत्रीखाली पडून होती. आता जागा मोकळी करा म्हणून सुब्बा मागे लागला. त्याला लेथसाठी शेड वाढवायची आहे. चौतीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये माझ्या हाताखाली काढली, आणि आता मला जागा मोकळी करायला सांगतो. भंगारात द्यायची तर मीच देईन, पण धड करून देईन, असं त्याला सांगितलं. मी हातात घेतलेलं काम अर्धवट टाकत नाही. ती सवय घरात दुसऱ्या कोणाला लागली नाही.

तुझी मुलगी दर रविवारी आईला फोनवर विचारते म्हणे, आजोबांच्या गाडीचं छत खरंच हाताने वर उचलतात का, आणि मग आत उभं राहून चहा करता येतो का. वर्गात सगळ्यांना सांगून बसली आहे. तिच्यासाठी हे चाललं आहे असा समज करून घेऊ नकोस. पत्रा सडतो आहे, म्हणून करतो आहे.

अडलं आहे ते एवढ्यावरच. छत वर गेलं की चारही बाजूंनी जी कापडी भिंत उभी राहते, तिचं कापड कुजून गेलं. नवीन शिवायला मापं पाहिजेत. ती सगळी मापं तू सोळा वर्षांची असताना निळ्या वहीत काढली होतीस, आणि जाताना ती वही उचलून नेलीस. गाडी माझी, छत माझं, मापं तुझ्याकडे. वही नको असेल तर परत कर. हवी असेल तर झेरॉक्स पाठव. दोन्हीपैकी काही करायला माझ्याशी बोलावं लागत नाही.

त्र्यंबक

गिंडी
२९ ऑगस्ट २०२४

चि. तनया,

सतरा दिवस झाले. पुण्याहून पत्राला चार दिवस लागतात. म्हणजे तू उत्तर न द्यायचं ठरवलं आहेस. ठीक आहे. मलाही वेळ आहे. निवृत्त माणसाला वेळच असतो.

जमिनीचं प्लायवूड उपसलं. खाली मुंग्यांनी राज्य केलं होतं. खिडक्यांचं रबर हात लावला की भुगा होतं. सुब्बा दुपारी येतो, स्टुलावर बसतो आणि सल्ले देतो. काल म्हणाला, "सार, तुमच्या रागाला पेट्रोल लागत नाही म्हणून बरं, नाहीतर पेन्शन पुरली नसती." मी त्याला उकळता चहा दिला. पिऊन गेला.

एग्मोरला स्टेशनसमोरच्या गल्लीत तंबू शिवणारे एक गृहस्थ आहेत. मापांशिवाय कात्री लावणार नाही म्हणतात. मी अंदाजाने सांगायला लागलो तर हसले. म्हणाले, कापडाला अंदाज कळत नाही. मला. टूलरूमच्या माणसाला.

तू विचारशील की एवढा राग कशाचा. विचारणार नाहीस, पण सांगतो. आई अजून उजव्या हाताने कुकर उचलू शकत नाही. पोळी लाटताना मनगट वळत नाही, म्हणून पोळ्या लांबट होतात. रोज ताटात ती लांबट पोळी पडली की मला कोवळम आठवतं. मद्रासच्या पुरानंतरच्या पोंगलची सुट्टी. सुरूच्या बनात गाडी लावली होती. सोळा वर्षांत तोवर एकदाही काही झालं नव्हतं, कारण चार कोपऱ्यांवर घरची चार माणसं असत. मी एकवर, कुशल दोनवर, तू तीनवर, आई चारवर. मी "ऐलसा" म्हणायचं, चौघांनी छत उचलायचं, आपापल्या कोपऱ्यात छताला टेकू देणाऱ्या नळीच्या भोकात पिन घालायची, मी नंबर घेऊन विचारायचं, "लागली?" आणि प्रत्येकाने "लागली" म्हणायचं. मग आत जायचं. ह्यात कठीण काय होतं?

त्या दिवशी तू त्याला घेऊन आलीस. "हे वेंकट, आमच्या ऑफिसात असतात," म्हणालीस. हौस म्हणून त्याला आईचा कोपरा दिलास. आई मोकळी झाली, आत जाऊन स्टोव्ह मांडायला लागली, आणि पाच मिनिटांत मागची सगळी बाजू खाली आली, तिच्या हातावर. चार नंबरची पिन मी स्वतः वाळूतून उचलली. त्याच्या पायाशी पडली होती. "नान पोट्टेन, सार." मी लावली होती म्हणे. लावलेली पिन वाळूत उडी मारते का?

मी जे बोललो ते सगळ्यांसमोर बोललो, आणि आजही बोलेन. ज्याला चार इंचाची पिन धड लावता येत नाही, तो संसार काय लावणार. एवढ्याशा वाक्यावरून तू घर सोडलंस. आम्ही पोटासाठी सांगलीहून मद्रासला आलो, आणि तू मद्रासचा माणूस धरून पुण्याला गेलीस. तुझ्या लग्नाला आई एकटी आली, प्लास्टर घातलेल्या हाताने.

झेरॉक्स पाठव.

त्र्यंबक

गिंडी
१७ सप्टेंबर २०२४

चि. तनया,

पाकीट मिळालं. अकरा पानं. चिठ्ठी नाही, "बाबा" नाही, आशीर्वाद मागणं तर दूरच. मापं मात्र चोख आहेत. सोळाव्या वर्षी असे ओळीत अंक काढणारी मुलगी माझ्या टूलरूममध्ये एकही नव्हती, मुलगाही नव्हता. हे तुला सांगायला नको होतं, लिहिलं गेलं.

पण शेवटच्या पानावर लाल पेनाने जे लिहिलं आहेस ते कोणासाठी? "कोपरा चारच्या नळीचं भोक मोजलंत का?" एवढीच ओळ. नऊ वर्षांत बापाला लिहिलेली पहिली ओळ, आणि तीही उलटतपासणी.

मी काय मोजायचं आणि काय नाही हे तू मला शिकवणार? व्हर्नियर हातात कसा धरतात ते तुला मी दाखवलं होतं. जेवणाच्या टेबलावर आईच्या बांगड्या मोजायचीस तू. आता चाकणला मोठ्या कंपनीत डिझाइन करतेस म्हणून भोकं मोजायला सांगतेस. पिन वाळूत सापडली, विषय संपला. चोराच्या उलट्या बोंबा ह्यालाच म्हणतात.

आईला ती ओळ दाखवली. म्हणजे, ती पाकिटात डोकावली. ती म्हणाली, "मोजा ना मग. मोजायला काय जातं?" मी म्हटलं, माझा वेळ जातो. ती म्हणाली, "तुम्हाला वेळच असतो, असं तुम्हीच म्हणता." ह्या घरात सगळ्यांना उत्तरं सुचतात.

मोजणार नाही. तंबूवाल्यांना मापं देऊन आलो. सुब्बाचा जुना कंप्रेसर मिळवला आहे. उद्यापासून रंग खरवडायला घेतो.

त्र्यंबक

गिंडी
२० ऑक्टोबर २०२४

चि. तनया,

महिनाभर लिहिलं नाही. पाऊस सुरू झाला. शेडमध्ये पाणी येतं, मी विटांवर उभा राहून काम करतो.

कापड शिवून आलं. खाकी, जाड, चारही खिडक्यांना जाळी. उत्तम बसलं. जमिनीचं प्लायवूड नवीन घातलं. स्टोव्हची फळी घडी होते तशीच ठेवली, फक्त बिजागरी बदलली. कुशलला दोन रविवार बोलावलं. कॉम्प्युटरवर जग चालवतो, पण स्क्रू कुठल्या बाजूने घट्ट होतो ते त्याला विचार करून आठवावं लागतं. त्याच्यावर ओरडलो. मग सुब्बावर ओरडलो. तंबूवाल्यांनी फोन केला होता की सार, कापड कसं बसलं, तर त्यांच्यावरही ओरडलो, आणि कापड तर छान बसलं होतं. सुब्बा चार दिवस आला नाही.

कापडाच्या कड्या बसवायला चारही नळ्या काढाव्या लागल्या. काढल्या. गंज घासला, तेल दिलं. नळी चार बदलावी लागेल. भोक खालच्या बाजूला ओढलं गेलं आहे. दहा मिलिमीटरचं भोक उभं सोळा झालं आहे. पावसाने असेल, दगडावर आपटली असेल. चार नंबरची पिन डब्यात होती ती काढली. ती मध्ये किंचित वाकली आहे. जुनी पिन आहे, वाकते.

नळी एक ठीक आहे. नवी असल्यासारखी. भोक गोल आहे, कडेला ओरखडादेखील नाही.

आणखी लिहिण्यासारखं काही नाही. आईच्या मनगटाला पावसात जास्त दुखतं. दिवाळीचे लाडू तिच्याने होतील असं वाटत नाही.

त्र्यंबक

गिंडी
४ नोव्हेंबर २०२४

चि. तनया,

हे पत्र तीनदा फाडलं. हे चौथं आहे, हेही धड होणार नाही. पण टाकणार आहे.

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी आई लाडू करायला बसली. मनगट चालेना. कुशल ऑफिसच्या फोनवर. ती मला म्हणाली, "वेलदोडे तेवढे कुटून द्या." मी आयुष्यात वेलदोडे कुटले नव्हते. स्वयंपाकघरात मी पाणी प्यायला जातो. तिने दगडी खल पुढे केला आणि त्यात बत्ता ठेवला. बत्ता म्हणून जे होतं, ते हातात घेतलं आणि अंगठ्याखाली काहीतरी खोलगट लागलं. बघायची गरज नव्हती. माझाच ठसा होता. एक.

तनया, चारही पिनांवर नंबर मी ठोकले होते. तुला पंच धरायला दिला होता, तू डोळे मिटून धरलास. ती एक नंबरची पिन होती. माझ्या कोपऱ्याची. नऊ वर्षं माझ्या चहातला वेलदोडा माझ्याच पिनेने कुटला जात होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कसा असतो ते मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं.

"ही कुठून आली?" मी विचारलं.

"तुमच्याच पँटच्या खिशात होती. कोवळमहून आलो त्या आठवड्यात कपडे कुशलने धुतले, त्याने काढून ओट्यावर ठेवली. माझा बत्ता हरवला होता. हा वजनाला बरा पडला."

"मला विचारायचं नाही का, हे काय आहे म्हणून?"

"तुमच्या खिशात नट-बोल्ट नसतात असा दिवस आहे का? आणि त्या दिवसांत तुम्हाला विचारायचं? कोणी?" मग खल स्वतःकडे ओढून म्हणाली, "तुम्हाला कोण काय विचारतं हो कधी?"

मी तिच्यावर ओरडलो. घाणेरडं ओरडलो. कुशल फोन टाकून आला. ती एका हाताने लाडू वळत राहिली, आणि मी ओरडताना तिचं ते वाकडं मनगट बघत होतो, तेव्हा थांबलो.

आता ऐक. भोक मी मोजलं होतं. तुझं पाकीट आलं त्याच संध्याकाळी मोजलं, आणि "मोजणार नाही" हे मोजून झाल्यावर लिहिलं. पोलादाचं भोक पावसाने लांबत नाही. पिन आत असते, तिच्यावर भार येतो, तेव्हाच ते ओढलं जातं, आणि मग ती पिन वाकून बाहेर उडते. चार नंबरची पिन लागली होती. नीट लागली होती. आणि एक नंबरचं भोक गोल आहे, कारण त्यात त्या दिवशी काही नव्हतंच. नळी नुसती गंजाने आणि कापडाच्या ताणाने पाच मिनिटं धरून राहिली. मग माझा कोपरा सुटला, सगळा भार शेजारच्या चारवर गेला, आणि त्याच्या पिनेने जेवढं पेललं तेवढं पेललं. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांचे तुकडे भिंगाखाली धरून कोणाची चूक ते सांगितलं. ही पिन नऊ वर्षं डब्यात ठेवली आणि एकदा उजेडात धरली नाही.

का राहिली ते मला आठवतं आहे. ते लिहिणंच अवघड होतं. मी तिघांना विचारलं. कुशल म्हणाला, लागली. तू म्हणालीस, लागली. तिसरा तो. तू त्याला सकाळी तो शब्द शिकवला असणार, त्याने "लागली" म्हटलं आणि तुझ्याकडे बघून हसला. मी दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून माझी पिन खिशात ठेवली होती, आणि माझं सगळं लक्ष त्याच्या हातांकडे होतं. चूक सापडावी म्हणून मी बघत होतो. सापडावी अशी माझी इच्छा होती. तेवढ्यात आई आत गेली. आणि मला "लागली का?" विचारणारं कोणी नव्हतंच. सोळा वर्षं नव्हतं. तशी पद्धत मीच घातली होती.

आता हा राग कोणावर काढू ते सांग. तुझ्यावर काढायची इतकी सवय झाली आहे की हात तिकडेच जातो. ते लाल पेनाने लिहिलंस त्याचा आजही राग येतो, कारण तुला माहीत होतं. माहीत होतं तर नऊ वर्षं आधी का नाही लिहिलंस? हे वाक्यसुद्धा फाडायला हवं. राहू दे. बघ, मी असा आहे.

पोंगलला कोवळमला गाडी न्यायची आहे. चार माणसं लागतात. तुझ्या सहानाला छत वर जाताना बघायचं आहे.

बाबा

गिंडी
२ डिसेंबर २०२४

श्री. वेंकट यांस,

तनयाने आईला फोनवर सांगितलं की पत्र पोचलं. पुढे म्हणाली, "बोल मला नव्हता लावला, त्याला लावला होता. यायचं की नाही ते तो ठरवेल." बरोबर बोलली. म्हणून हे पत्र तुम्हाला.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे. मला चाळीस वर्षांत तमिळ बोलता आलं, लिहिता आलं नाही. कुशल म्हणाला, मी इंग्रजीत टाइप करून देतो. मी नको म्हटलं. हे पत्र तनयाने तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचं आहे. जे मी तिच्यासमोर बोललो होतो, ते उलटं तिच्याच तोंडून तुमच्या कानावर जावं. तनया, इथे थांबू नकोस, पुढे वाच.

त्या दिवशी तुम्ही एकदाच बोललात, नान पोट्टेन, सार. मग तनयाच्या आईला, हेमलताला, उचलून गाडीत घातलंत, तिचा हात सरळ राहावा म्हणून हॉस्पिटलपर्यंत दोन्ही हातांवर धरून बसलात, आणि मी पुढच्या सीटवरून सबंध रस्ता तुम्हाला बोलत आलो. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. मी ते कबुली समजलो.

नींग पोट्टींग. नान दान पोडलै. तुम्ही लावली होती. लावली नव्हती ती मी. हे तमिळमध्ये लिहिता येत नाही, पण बोलता येतं, आणि तुम्ही आलात तर वाळूवर सगळ्यांसमोर बोलेन. सुब्बालाही बोलावलं आहे, कारण तुमच्याबद्दल नऊ वर्षं मी त्यालाच सांगत आलो आहे. नाही आलात तर मला राग येणार नाही, असं लिहिणार होतो. येईल. पण तो तुमच्यावर नसेल.

गाडी तयार आहे. नळी चार नवी घातली. जुनी टाकली नाही, ओढलेल्या भोकासकट वर्कशॉपच्या भिंतीवर टांगली आहे, रोज दिसते. ह्या पाकिटात कापडात गुंडाळून एक नंबरची पिन पाठवतो आहे. वेलदोड्याचा वास येईल, धुऊन जात नाही. सुब्बाच्या लेथवर दुसरी करायला मला दहा मिनिटं लागतील. करणार नाही. ही येईपर्यंत छत वर जाणार नाही.

याल तेव्हा एक नंबरचा कोपरा तुमचा. तनया तीनवर, कुशल दोनवर, आणि मी चारवर उभा राहीन. हेमलता आणि सहाना लांब, सुरूच्या झाडापाशी. ऐलसा तुम्ही म्हणायचं. छत वर गेलं की नंबर घेऊन तुम्ही विचारायचं. कुशलला विचारा, तनयाला विचारा, शेवटी मला विचारा. आणि मी "लागली" म्हटलं तरी विश्वास ठेवू नका, जवळ येऊन हात लावून बघा.

त्र्यंबक